शेजाऱ्याच्या प्लॉटवर पेटवलेली चूल

जळगावच्या आमच्या प्लॉटवर जेवायचं म्हणून आम्ही पहिल्यांदा चूल पेटवली, ती दुसऱ्याच्याच प्लॉटवर. आमचे हे ही गोष्ट कुणाला सांगायला लागले की इथूनच सुरुवात करायचे आणि पुढचं सांगण्याआधी स्वतःच हसत सुटायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढे काय झालं ते पुष्कळदा कळतच नसे. यांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. गोष्ट सांगणारी मीच उरले आहे. मला अजून मध्येच हसू येत नाही, तेव्हा ती निदान सलग सांगून होईल असं वाटतं. सावकाश लिहिते आहे. कधी दिवसाला चार ओळी होतात, कधी त्याही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही धुळ्यात, आग्रा रोडच्या मागे, नंबरानं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत राहत होतो. मी शाळेच्या वाचनालयात होते आणि हे टेलिफोन खात्यात. मुलगी लहान होती. खाली घरमालकीण अक्का राहायच्या, वर आम्ही. वरच्या खोलीला पूर्वेकडे एक खिडकी होती. सकाळी शाळेत जाण्याआधी त्या खिडकीत बसून मी तासभर वाचत असे. त्या एका तासाखातर मी त्या घराचं सगळं सोसत होते. उन्हाळ्यात नळाला थेंब थेंब पाणी यायचं, जिन्यात कायम अंधार असायचा, आणि अक्कांची मांजर माझ्या दुधावर हक्क सांगायची.

अक्का आपल्या मुलाकडे सुरतेला जायच्या होत्या. घर विकायचं ठरलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी मला हाक मारली. म्हणाल्या, “कोठे घर शोधत फिरस पोरी? हाई घर तुमनंच शे.” भावही त्यांनी आमच्या आवाक्यातला सांगितला. आमची जी काही शिल्लक होती ती त्यात बसत होती. मी वर आले, खिडकीत बसले आणि मनातल्या मनात त्या भिंतीला पुस्तकांची फळी ठोकूनही टाकली.

पण हे त्या वर्षी जळगावला कामावर होते. तिथं नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसत होतं, आणि त्यांच्या खात्यातल्या माणसांना आळीपाळीनं तिकडे पाठवत होते. शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी यायचे. पारोळ्याला गाडी थांबली की तिथले पेढे घ्यायचे आणि घरी येईपर्यंत त्यातले निम्मे खाऊन टाकायचे. त्या शनिवारी त्यांनी पेढे आणले नाहीत. आले आणि चपला काढता काढताच सांगू लागले की जळगावात गावाबाहेर एका शेताचे प्लॉट पाडले आहेत आणि त्यांनी एक बघून ठेवला आहे.

मी अक्कांच्या घराचं सांगितलं. हे गप्प झाले. आमच्या घरात भांडण असं होत नसे. दोघंही गप्प व्हायचो, आणि ती शांतता भांडणापेक्षा जास्त दिवस टिकायची. एवढं मात्र दोघांनाही माहीत होतं, की पैसे एकाच घराचे आहेत. अक्कांचं घर घेतलं तर जळगाव कायमचं सुटणार, जळगाव घेतलं तर ती खिडकी जाणार.

मग हळूहळू, आठवड्यामागून आठवडे, हे आपलं म्हणणं मांडत राहिले. जळगावात प्लास्टिकच्या नळ्या बनतात, ठिबक सिंचनाचं सामान बनतं, ते आता देशभर जाईल. कॉलेजं येतील, कॉम्प्युटर येतील. हे शब्द मला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखे वाटत. एकदा मात्र ते असं काही बोलले की मी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, “अगं, त्या प्लॉटांच्या रस्त्यावर आज एक दिवा नाही. तरी आमच्या खात्यानं तिथून शंभर घरांची केबल टाकली आहे. मी स्वतः जोडली. सगळ्या तारा रिकाम्या आहेत. कुणीतरी कुठल्या तरी टेबलावर बसून ठरवलंय की इथं माणसं राहायला येणार.”

मी विचारलं, “आणि त्या टेबलावरच्या माणसाचं चुकलं तर?”

“तर तारा जमिनीत पडून राहतील,” ते म्हणाले. “आणि आपण त्यांच्यावर वांगी लावू.”

शेवटी ठरलं की आबांना जागा दाखवायची. आबा म्हणजे माझे सासरे. सावद्याजवळ त्यांची केळीची बाग. त्यांच्या घरात एक रीत होती, आणि ती मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही. जमीन घ्यायची असेल तर आधी तिच्यावर चूल मांडायची, भरीत करायचं, घरच्यांनी तिथंच बसून जेवायचं आणि मगच काय ते बोलायचं. आबांच्या वडिलांनी प्रत्येक वावर असंच घेतलं होतं म्हणे. एका वावरात घास घशाखाली उतरला नाही म्हणून सौदा मोडला आणि पुढे त्या विहिरीला खारं पाणी लागलं, ही गोष्ट आबा दरवर्षी सांगायचे. मी एकदा यांना हळूच विचारलं होतं की त्या दिवशी भरितात मीठ तर जास्त पडलं नव्हतं ना. हे म्हणाले, हा प्रश्न आबांना कधी विचारू नकोस.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही धुळ्याहून निघालो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कापूस वेचून झालेली वावरं दोन्ही बाजूंना करडी पडली होती. आबा भुसावळमार्गे आमच्या आधीच जळगावला पोहोचले होते. रिक्षानं आम्ही गावाबाहेर आलो, तिथून पुढे पायी. आबांच्या खांद्यावर पिशवीत पांढरट हिरवी, हातभर लांब वांगी. एका हातात ठेचायची लाकडी बडगी, आणि कमरेला गुंडाळलेली केळी लावायची दोरी. ही दोरी ओळी आखण्यासाठी असते. तिला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असतात, आणि गाठ आली की तिथं खड्डा. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, भारा शेजारच्या वावरातून मागून आणला.

जागा म्हणजे नुसतं काळ्या मातीचं मोकळं शेत होतं. हद्दी आखायला टाकलेली पांढरी फक्की पावसानं धुऊन गेली होती. हद्दीचे दगड मेंढपाळांनी की कुणी, इकडचे तिकडे केले होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा मोठा दगड तेवढा जागेवर होता. यांच्या खिशात नकाशाची प्रत होती, तिच्यात रस्त्याला लागून चाळीस चाळीस फुटांचे प्लॉट. कोपऱ्यापासून पाच सोडायचे, सहावा आमचा व्हायचा.

हे म्हणाले, टेप आणला आहे. आबांनी टेपकडे पाहिलंही नाही. दोरी सोडली, एक टोक माझ्या हातात देऊन दगडापाशी उभं केलं आणि निघाले. गाठी पाच फुटांवर, त्यांनी सांगितलं. आयुष्यभर पाच फुटांवरच केळी लावली. मोजत मोजत, दोरी पुन्हा पुन्हा टाकत ते गेले आणि एका जागी थांबून म्हणाले, हा आपला. तिथं जमिनीत एक लोखंडी सळई उभी होती. आबांना ती फार सोयीची वाटली. त्यांनी पिशवी तिच्यावर अडकवली, टोपीही अडकवली आणि चूल मांडायला बसले.

पऱ्हाटी पेटली की ऊन अंगावर आल्यासारखी धग येते. वांगी आत टाकली. साली काळ्या पडून फुटू लागल्या, आणि त्या रिकाम्या शेतावर भाजल्या वांग्याचा वास पसरला. मुलगी हिरव्या मिरच्यांची देठं काढत बसली. आबा वांगी फिरवत होते आणि बोलत होते, आणि जे बोलत होते ते सगळं यांच्या विरुद्ध होतं. जागा काळी आहे, पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात फाटेल, पाया मुरुमापर्यंत न्यावा लागेल. गावापासून लांब आहे. धुळ्यात राहतं घर मिळतंय ते सोडून इथं यायचं कशाला? माझंच म्हणणं आबा माझ्यापेक्षा चांगलं मांडत होते, तेव्हा मी लसूण सोलत राहिले.

हे नळ्यांचं सांगू लागले. आबा हसले. ठिबकवाल्यांची गाडी त्यांच्या गावात आली की आबा पारावर बसून तिची टिंगल करायचे, हे सगळ्या सावद्याला माहीत होतं. तेव्हाही तेच म्हणाले, “झाडाले कोनी सलाईन लावतं का, भाऊ? नळ्या बनवून गाव मोठं होत नही. गाव बाजारानं मोठं होतं.”

वांगी निघाली. आबांनी साली काढल्या, बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचली, वर कांद्याची पात घातली. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी सोडल्या. पहिला घास तोंडात जाणार एवढ्यात सायकलवरून एक गृहस्थ आले. बाजूला सायकल लावली, आम्हाला नमस्कार केला आणि सळईवरच्या टोपीकडे बघत राहिले. जेवणाऱ्या माणसाला कसं सांगावं असं त्यांना झालं असणार. मग म्हणाले, “आबा, जेवण सावकाश होऊ द्या. फक्त एक सांगायचं होतं, तुमची चूल माझ्या प्लॉटवर आहे. आणि टोपी माझ्या सळईवर.”

आबांनी घास खाली ठेवला नाही. खाल्ला आणि मग म्हणाले, “दोरी खोटी बोलत नही.”

ते गृहस्थ एसटीच्या कार्यशाळेत होते. त्यांनी प्लॉट आधीच घेतला होता आणि हद्द हरवू नये म्हणून कोपऱ्यावर स्वतःच सळई ठोकली होती. हे उठले. खिशातून टेप काढला आणि आबांच्या दोरीवरच्या दोन गाठींमध्ये धरला. मग पुढच्या दोन गाठींमध्ये धरला. मग टेप गुंडाळला आणि आबांकडे पाहिलं.

“आबा, गाठी सहा फुटांवर आहेत.”

आबा दोरीकडे बघत राहिले. गाठी मोजल्या पाचच्या हिशेबानं आणि होत्या सहावर. दोनशे फुटांच्या जागी दोनशे चाळीस झाले, आम्ही बरोबर एक प्लॉट पुढे गेलो होतो. पण यांच्या चेहऱ्यावर त्या चुकीचं काही नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी कळलं होतं, आणि ते मला कळायला जरा वेळ लागला. सहा फुटांवर ओळी कोण टाकतं, हे नळ्यांच्या गावात काम करून त्यांना ठाऊक झालं होतं. केळीला ठिबक घातलं की नळ्या सहा फुटांवर जातात.

“ठिबक केव्हा घातलं, आबा?” यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो आबांना लागला असेल.

आबांनी चुलीतली पऱ्हाटी उगाच आत सारली. म्हणाले, मागच्या साली, पलीकडच्या तुकड्यात, थोडंसं. गाठी तेव्हाच सोडून नव्या मारल्या होत्या, लक्षात राहिलं नाही. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पारावर तर नाहीच नाही. यांना हसू आवरेना. मुलगी कशाला हसायचं ते न कळताच हसत होती. आलेले गृहस्थही मान खाली घालून हसले. सगळ्यांना हसताना बघून आबांनाही हसू आलं, पण ते डोळ्यांतच राहिलं.

मी हसले नाही. मला एक गोष्ट खरोखर जाणून घ्यायची होती. मी विचारलं, “आबा, त्या तुकड्यातली केळी कशी आली?”

आबा माझ्याकडे वळले. सुनेनं विचारलेल्या प्रश्नाला ते नेहमी नीट उत्तर द्यायचे. म्हणाले, “केयी बरी आली, बाई. खरं सांगू? चांगली आली. इहीर पह्यल्यांदा उन्हाळ्यात दम धरून राहिली.” मग म्हणाले, “मले कोनी सांगितलं असतं त मी मानलं नसतं. म्हनून मी कोनाले सांगितलं नही.”

मला त्या क्षणी काही मोठं कळलं असं नाही. एवढंच दिसलं की जे येणार नाही म्हणून आबा तासभर आम्हाला समजावत होते ते त्यांच्या कमरेला गुंडाळलेलं होतं. यांनी केबल, कॉलेजं, कॉम्प्युटर असं जे जे सांगितलं होतं त्यानं माझं मन वळलं नव्हतं. आबांसारखा माणूस गुपचूप गाठी बदलतो, तर गावही बदलेल, एवढं मात्र मला पटलं. पूर्वेची ती खिडकी मी तिथंच, भाकरीच्या तुकड्याबरोबर सोडली. घास उतरला.

“घेऊ या,” मी म्हणाले. यांनी ऐकलं, पण पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

आबांनी शेजाऱ्यांना बसवून घेतलं. चूल तुमच्या जागेवर, तर पहिलं ताट तुमचं, म्हणाले. ते बसले. आपल्या डब्यातून त्यांनी शेंगदाण्याची चटणी काढली, आणि आबांनी ती दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर सगळं उचलून एक प्लॉट मागे जायची काही गरज नव्हती. तरी आबा गेले, आणि आमच्या जागेवर नुसते बसून आले.

आम्ही धुळ्याला परतल्यावर मी अक्कांना सांगायला खाली गेले. त्या म्हणाल्या, “तठे काय शे? बठ्ठं वावरच शे.” सगळं नुसतं शेतच, असं त्यांचं म्हणणं. आणि मग, मी उठता उठता, माझ्या ओंजळीत खसखशीची पुडी ठेवून म्हणाल्या की नव्या घरात पहिल्यांदा खीर कर. घर त्यांनी दुसऱ्या कुणाला विकलं. आम्ही भाड्याच्या दुसऱ्या जागेत गेलो. तिथल्या खिडकीसमोर भिंत होती.

पुढची काही वर्षं प्लॉट तसाच पडून होता. हे म्हणत होते त्या वेगानं शहर वाढलं नाही. पावसाळ्यात कमरेएवढं गवत व्हायचं, त्यात शेळ्या चरायच्या. मग एकदा कोपऱ्यावर खांब आला, मग दिवा. मग पिवळ्या अक्षरांची एसटीडीची टपरी आली. रांगेत उभी राहून बायका मुंबईच्या मुलांशी बोलायच्या, आणि हे ते दृश्य बघायला मुद्दाम मला घेऊन जायचे, जणू ती टपरी त्यांनीच बांधली होती. शेजाऱ्यांनी घर बांधलं. गावात इंजिनिअरिंग कॉलेज झालं, कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या. मुलीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. यांनी पायाची आखणी करायला गवंडी ठरवला आणि त्याच पावसाळ्यानंतर, ध्यानीमनी नसताना, गेले.

यांच्यामागे पुन्हा तोच प्रश्न समोर आला, फक्त या वेळी विचारायला ते नव्हते. माहेरचे, सासरचे, सगळेच काळजीनं म्हणाले, प्लॉट विकून टाक, आता भाव बरा आहे. एकटीनं बांधकाम कसं करशील? धुळ्यात नोकरी आहे, तिथंच लहानसं काही घे. त्यांचं चुकत नव्हतं. मी वर्षभर हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आबा एकदाही या विषयावर बोलले नाहीत. त्या हिवाळ्यात आमच्याकडे भरीत झालं नाही. वांगी बाजारात दिसली की मी रस्ता बदलायची.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्या थंडीत, रविवार बघून, आबांचा निरोप आला की जळगावला ये. मुलीच्या होस्टेलवरून तिला घेतलं आणि गेले. शेजाऱ्यांच्या ओट्यावर आबा बसले होते. खूप वाकले होते. बाजूला वांग्यांची पिशवी, बडगी आणि पऱ्हाट्यांचा भारा. भारा त्या दोरीनंच बांधून आणला होता.

शेजाऱ्यांच्या पत्नीनं चहा दिला. मी आत कप ठेवायला गेले तेव्हा शेजारी म्हणाले, “वहिनी, घर बांधताना गवंड्यानं विचारलं, स्वैपाकघर कुठं? मी म्हटलं, जागा आधीच ठरलेली आहे. आबांनी चूल मांडली होती ना, तिथं.” मी उभी होते तिथं समोरच गॅस होता, आणि त्याच्यावर त्यांच्या घरची भाकरी फुगत होती. खिडकीतून बाहेर आमचा प्लॉट दिसत होता. गवत काढलेलं होतं. कुणी काढलं ते मी विचारलं नाही. आबांची विळी कुंपणाला टेकून ठेवलेली होती.

बाहेर आबांनी भाऱ्याची दोरी सोडली आणि टोक माझ्याकडे धरलं. कोपऱ्यावरचा दगड आता रस्त्याच्या डांबरात अर्धा बुडाला होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. आबा निघाले, पण दोन पावलांवर थांबून मागे वळले.

“सहाच्या गाठी हायेत बरं,” ते म्हणाले. “तूच मोज.”

मीच मोजलं. शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या अलीकडे, बरोबर आमच्या जागेवर थांबले. मुलीनं तीन दगड मांडले. पऱ्हाटी पेटली तशी धग तोंडावर आली, आणि मी मागे सरकले नाही. वांगी भाजून निघाली. घराच्या रीतीप्रमाणे बोलायचं ते जेवल्यावर. भरितात मीठ थोडं जास्त झालं होतं. आबांनी घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा घेतला.

ताटं उचलल्यावर मी म्हणाले, गवंड्याला उद्या बोलावू या. पाया मुरुमापर्यंत न्यायचा. पूर्वेला खिडकी ठेवायची.

घराचं काम आता छतापर्यंत आलं आहे. मागच्या आठवड्यात टेलिफोन खात्याचा एक तरुण येऊन गेला. जोडणी मिळेल का म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, या रस्त्याला केबलमध्ये तारा अजून शिल्लक आहेत, काकू. कुणी टाकल्या ते त्याला माहीत नव्हतं. मी त्याला सांगायला सुरुवात केली की आम्ही पहिली चूल शेजाऱ्याच्या प्लॉटवर पेटवली होती, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी हसते आहे.